एकोणीस अंशांखाली

केबल सारिका शेलारनंच निवडली होती. पुढे चौकशी समितीनं, केबल कुणी निवडली, हा प्रश्न तिला चार वेळा, चार तऱ्हांनी विचारला आणि चारही वेळा तिनं एकच उत्तर दिलं. टेबलावर तीन केबल होत्या, त्यांतली तिसरी मी निवडली.

भोसरीतल्या त्या कंपनीत ती चाचणी विभागात होती. कंपनी 'राखण' नावाचं यंत्र बनवायची. दरडीच्या भीतीखाली असलेल्या गावासमोरच्या टेकाडावर एक खांब उभारायचा, त्यावर पाटाएवढा अँटेना बसवायचा आणि त्यानं रात्रंदिवस समोरच्या डोंगराकडे पाहत राहायचं. अँटेनातून रडारची लाट निघते, डोंगरावर आपटते, परत येते. या लाटेची लांबी बोटाच्या पेराएवढीही नसते. परत येताना ती चढावर आहे की उतारावर, एवढं मोजलं की डोंगर अर्धा मिलिमीटर जरी पुढे सरकला तरी कळतं. राखणीचा दिवा हिरवा असेल तर लोकांनी घरात राहायचं, पिवळा झाला तर तयारीत राहायचं, तांबडा झाला की भोंगा आपोआप वाजायचा.

अडचण एकाच जागी होती. अँटेना डोंगर विंचरल्यासारखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सतत फिरायचा आणि खालच्या पेटीतला सिग्नल त्याच्यापर्यंत नेणारी तीन मीटरची केबलही त्याच्याबरोबर वळायची. पहिली केबल अंगठ्याएवढी जाड होती. तिच्यात सिग्नल जवळजवळ वाया जात नव्हता, पण ती वळायलाच तयार नव्हती. दुसरी सुतळीसारखी मऊ होती, पण इतक्या उंच वारंवारतेचा सिग्नल अर्ध्या वाटेतच पिऊन टाकत होती. तिसरी बारीक होती, बोटाला गुंडाळता येत होती आणि सिग्नलही राखत होती. मधे चांदीचा मुलामा दिलेली तार, तिच्याभोवती पांढरं टेफ्लॉन, त्यावर विणलेली जाळी. सारिकानं ती यंत्रावर वीस हजार वेळा वाकवून पाहिली, आकडे तसूभर हलले नाहीत. मग गरम-थंड पेटीत ठेवून पाच, पंचवीस, पंचेचाळीस आणि पासष्ट अंशांवर मोजलं. खरं तर तिला दर अंशाला मोजायचं होतं, पण पेटी दुसऱ्या विभागाला हवी होती. चार ठिपके मिळाले. तिनं ते रेघेनं जोडले. पहिल्या दोन ठिपक्यांमधली रेघ जरा जास्त उतरती होती. ती थोडा वेळ तिच्याकडे पाहत बसली आणि मग तिनं सही केली.

त्याला तीन वर्षं झाली होती. आता घाटमाथ्यावरच्या बासष्ट गावांसमोर राखण उभी होती. त्यांतलं एक रानवेळे, तिचं माहेर.

ऑगस्टातल्या एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती प्रयोगशाळेत एका नव्या अँटेनाची चाचणी घेत होती. जोडणीला तीच केबल होती, कारण आता सगळीकडे तीच वापरत. खोली नेहमी तेवीस अंशांवर असायची. त्या दिवशी एसीचं काहीतरी बिनसलं होतं आणि गारठा वाढत चालला होता. तिनं ओढणी खांद्याभोवती घेतली. तेवढ्यात पडद्यावरची रेघ खाली बसली. आधी हळू, मग एका झटक्यात, मग पुन्हा शांत.

तिला वाटलं जोडणी ढिली झाली. तपासली. घट्ट होती. भिंतीवरच्या तापमापकावर अठरा होते. तिनं केबलचा मधला भाग मुठीत धरला आणि पडद्याकडे पाहिलं. अर्ध्या मिनिटात रेघ वर चढली. मूठ सोडली, रेघ पुन्हा खाली. तिच्या मुठीत आली होती ती केबलची जेमतेम वीतभर लांबी. तिनं तीन मीटरचा हिशोब मांडला, मग आकडा डोंगराच्या सरकण्यात बदलून पाहिला. दोन मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त.

तिनं जुनी संदर्भपुस्तकं उघडली. तिथं ते सरळ लिहिलेलं होतं. टेफ्लॉन, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच, थंड होताना एकोणीस अंशांच्या आसपास आतून बदलतं. त्याच्या लांबलचक रेणूंचे पीळ वेगळ्या तऱ्हेनं बसतात, पदार्थ किंचित आखडतो आणि त्यातून जाणारी लाट थोडी रेंगाळते. तव्याला त्यानं काही फरक पडत नाही. पण लाट रेंगाळली की राखणीला वाटतं, डोंगर मागे गेला. हा सगळा बदल पाच-सहा अंशांत उरकतो. पाच आणि पंचवीस या दोन ठिपक्यांमध्ये.

घाटमाथ्यावर ऑगस्टात तापमान सतरा ते बावीस असतं. ती तिथंच वाढली होती. तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

फारुक इनामदार राखणीचं सॉफ्टवेअर बघायचा. ती त्याच्या टेबलाशी गेली तेव्हा तो चहा पीत होता.

"रानवेळ्याची कच्ची नोंद दाखव. दुरुस्ती करायच्या आधीची."

"कच्ची कशाला? दुरुस्त केलेली बघ ना. सरळ रेघ आहे."

"फारुक, कच्ची."

तिचा चेहरा पाहून त्यानं कप खाली ठेवला. पडद्यावर अकरा दिवसांची रेघ आली. ती सरळ नव्हती.

"हे असंच असतं," तो म्हणाला. "पहिल्या पावसाळ्यात सगळ्याच राखणींनी ही चुळबुळ दाखवली होती. खाली-वर, खाली-वर. डोंगर तर जागचे हलले नव्हते. म्हणून सॉफ्टवेअरनं ती यंत्राची स्वतःची चुळबुळ म्हणून शिकून घेतली. थंड, ओल्या दिवसांत हळूहळू होणारी सरक वजा करायची."

"थंड आणि ओल्या दिवसांतच दरड सरकते."

फारुकनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"तापमान दाखव."

अकराही दिवस रानवेळ्यात सतरा अंश होते, एकदाही एकोणीसला पोचले नव्हते. म्हणजे त्या दिवसांत केबल गप्प असायला हवी होती. तरीही कच्ची रेघ सरकत होती, आणि यंत्राच्या दिशेनं. अकरा दिवसांत नऊ मिलिमीटर. त्यांतले तीन कालच्या एका दिवसातले. फारुकनं बाजूची खिडकी उघडली, तिथं गावाचं नाव होतं आणि नावाशेजारी हिरवा ठिपका.

विभागप्रमुख कानिटकर मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या बेफिकीर बाई नव्हत्या. पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात राखण उगीचच तांबडी झाली होती. भर पावसात उतरताना ओल्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन दोन म्हाताऱ्या दगावल्या होत्या. त्यानंतर नियम आला. राखणीनं इशारा दिल्याशिवाय गाव हलवायचं नाही, कुणी हलवलं तर त्याच्यावर गुन्हा.

"तुझ्याकडे एका खोलीतलं एक निरीक्षण आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन दिवस दे. पेटीत नीट मोजू, मग मी स्वतः कळवते."

"मॅडम, काल एका दिवसात तीन मिलिमीटर गेलाय."

"किंवा त्या राखणीत वेगळाच बिघाड असेल. तुला खात्री आहे?"

तिला खात्री नव्हती. हेच सगळ्यात वाईट होतं. ती पायऱ्या उतरता उतरता भावाला फोन लावत होती.

महेंद्र शेलार रानवेळ्याच्या शाळेत शिक्षक होता. तीन वर्षांपूर्वी सरकारनं गाव खाली सपाटीवर हलवायचं ठरवलं होतं. लोकांना जायचं नव्हतं, तरी भीती होतीच. तेव्हा महेंद्रनंच घरोघर जाऊन सांगितलं होतं, घाबरू नका, राखण बसतेय, ती माझ्या बहिणीनं तपासलीय. सतरा घरांपैकी सोळा घरांनी गाव न सोडण्याच्या कागदावर सह्या केल्या होत्या.

"दादा, घरातलं काही वेगळं वाटतंय का तुला? भिंत, फरशी?"

"का गं? स्वयंपाकघराचं दार घासतंय चार दिवस. पावसानं फुगलंय."

"दरवर्षी फुगतं?"

"नाही. यंदाच. आणि झऱ्याचं पाणी गढूळ येतंय म्हणून बायका कुरकुरत होत्या. पण राखण हिरवी आहे, सारिका. मी रोज सकाळी बघतो."

"तिच्यावर विश्वास ठेवू नको."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग तो अगदी हळू बोलला. "तू सांगितलंस म्हणून मी लोकांना थांबवलं. आता काय सांगू त्यांना?"

"अजून काही सांगू नको. मी येतेय. राखणीच्या खांबापाशी थांब. मला आधी मोजू दे."

वाटेत तिनं औषधाच्या दुकानातून कंबर शेकायचे दोन विजेचे पट्टे घेतले. हायवेवर गाडी स्वतःची स्वतः चालत होती. एरवी ती अशा वेळी डोळे मिटून घ्यायची. आज ती नुसती समोरच्या काचेवरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा बघत होती. सव्वीस. चोवीस. घाट लागला तेव्हा बावीस. मग एकवीस. मग एकोणीस, आणि शेवटी अठरा.

साडेतीनला ती टेकाडावर पोचली. महेंद्र प्लॅस्टिकची खोळ पांघरून उभा होता. पलीकडे ओढा, त्यावर सायकल जाईल एवढा साकव, मग रानवेळ्याची घरं आणि त्यांच्या डोक्यावर ढगात घुसलेला डोंगर. अँटेना शांतपणे मान हलवत होता.

तिनं पेटी उघडली, केबलभोवती ते दोन्ही पट्टे गुंडाळले आणि पेटीतल्याच विजेवर चालू केले. केबल तीस अंशांवर नेऊन तिथंच धरून ठेवली, म्हणजे ती एकोणीसच्या आसपासही येणार नाही आणि गप्प बसेल. त्यानंतर जे हलेल ते डोंगराचंच. तिनं लॅपटॉप जोडला. फारुक फोनवर होता, तो तिकडून तीच कच्ची रेघ बघत होता.

पहिल्या चाळीस मिनिटांत चार दशांश मिलिमीटर. दोघं भाऊबहीण खोळीखाली उकिडवे बसले होते. महेंद्रनं विचारलं, "एवढंसं म्हणजे काही नाही ना?"

"पुढचं बघू."

पुढच्या चाळीस मिनिटांत सात दशांश. त्याच्या पुढच्यात एक पूर्णांक एक.

फोनवर फारुकचा आवाज बारीक झाला होता. "सारिका, वेग वाढतोय."

"दिसतंय."

"भोंगा वाजणार नाही. सॉफ्टवेअरला ही केबल नवी वाटतेय. ते परत शिकायला तीन दिवस घेईल. तोवर आधीचा दिवा ठेवेल."

आधीचा दिवा हिरवा होता. सारिकानं तालुक्याच्या आपत्ती कक्षाला फोन लावला. तिथला माणूस सौजन्यानं बोलला. त्यानं तिचं नाव, हुद्दा लिहून घेतला आणि वरिष्ठांना विचारून तासाभरात कळवतो म्हणाला. तिनं फोन ठेवला. साडेपाच वाजले होते. उजेड फार तर दीड तास होता.

"दादा, मी सांगते त्यांना. चूक माझी आहे."

"तुला इथं कोण ओळखतं आता," महेंद्र उठत म्हणाला. "त्यांनी माझं ऐकलं होतं. मलाच सांगायला पाहिजे. चुकीचं नंतर बघू."

साकव ओलांडताना तिला खालून ओढ्याचा आवाज आला, दगड एकमेकांवर घासल्यासारखा. तिनं खाली पाहिलं नाही.

पहिलं घर बनाबाई सपकाळांचं. सत्तरीच्या या बाई तीन वर्षांपूर्वी गाव सोडायला तयार होत्या, त्या एकट्याच. महेंद्र दारात उभा राहिला.

"बनाकाकू, निघायचंय. आत्ता. शाळेत."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग वर ढगांकडे. काही न विचारता आत गेली आणि बांधून ठेवलेलं गाठोडं घेऊन बाहेर आली. ते नुकतं बांधलेलं नव्हतं. गाठीवर धूळ होती.

बाकीची सोपी नव्हती. अंकुश सपकाळनं गेल्याच वर्षी नवीन स्लॅबचं घर बांधलं होतं. तो ओट्यावर हात बांधून उभा राहिला आणि त्यानं फोनवरचा हिरवा ठिपका महेंद्रसमोर धरला.

"गुरुजी, हे काय आहे?"

"ते चुकीचं आहे."

"तुम्हीच म्हणाला होता, माणूस चुकंल पण हे चुकायचं न्हाई."

"मी म्हणालो होतो. मी चुकलो. अंकुश, मी तुझ्या पाया पडतो, पोरांना घेऊन निघ. उद्या काही झालं नाही तर माझ्यावर केस कर, मी सही करून देतो."

अंकुश जागचा हलला नाही. त्याची बायको मागून पुढे आली. "झऱ्याला कालपास्नं लाल माती येतीया," एवढंच ती म्हणाली आणि धाकट्याला कडेवर घेऊन पायऱ्या उतरली. अंकुश थोडा वेळ तिच्या पाठीकडे पाहत राहिला, मग गोठ्याकडे वळला.

अंधार पडायच्या आत त्रेसष्ट माणसं आणि जवळपास सगळी जनावरं ओढ्यापलीकडच्या शाळेत आली. आपत्ती कक्षाचा फोन आला, की राखणीचा इशारा नसताना गाव हलवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. सारिकानं हो म्हटलं.

सकाळ झाली तरी काही पडलं नव्हतं. पाऊसही थांबला होता. आठ वाजता लोक कुजबुजायला लागले. नऊला दोघंतिघं धारा काढायला मागे राहिलेल्या म्हशींकडे निघाले. महेंद्र साकवाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. अंकुश सगळ्यांत पुढे होता.

"गुरुजी, बाजूला व्हा."

"नाही."

"दुपारपर्यंत काही झालं न्हाई तर?"

"तर दुपारी बोलू."

सारिका भावाच्या मागे उभी होती. डोंगर पडू नये असं तिला मनापासून वाटत होतं, आणि पडला नाही तर या माणसांना आपण काय तोंड दाखवणार, असंही वाटत होतं. या दुसऱ्या विचाराची तिला इतकी भीती वाटली, की तिनं साकवाचा कठडा घट्ट धरला. तो थरथरत होता.

आधी आवाज आला नाही. वरच्या झाडांची रांग उभीच्या उभी खाली यायला लागली, माणसं रांगेनं चालत यावीत तशी. मग मध्ये कुठंतरी ती वाकली आणि नंतर आवाज आला. महेंद्रनं अंकुशला छातीवर हात देऊन मागे ढकललं. सगळे शाळेकडे पळाले. मिनिटभरानं वळून पाहिलं तेव्हा गाव नव्हतं. लाल चिखलाचा एक उतार होता आणि त्यातून स्लॅबचा एक कोपरा वर आलेला. अंकुश खाली बसला. त्यानं दोन्ही मुलांना जवळ ओढलं आणि त्यांच्या डोक्यांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला. कुणी रडलं नाही, निदान तेव्हा तरी.

सारिकाच्या हातातला फोन थरथरला. राखणीचा नेहमीचा, सव्वानऊचा संदेश होता. रानवेळे, स्थिर.

पुढचे दोन तास तिनं शाळेच्या ओसरीवर फोनवर काढले. कानिटकर मॅडम पहिल्या वाक्यालाच म्हणाल्या, "सगळ्या राखणी बंद समजा असं मी लेखी पाठवते, माझ्या नावानं." फारुकनं बासष्ट गावांच्या कच्च्या नोंदी रात्रभर बसून पाहिल्या होत्या. रानवेळे सोडून आणखी चार ठिकाणी डोंगर खरंच सरकत होता. आपत्ती कक्षानं आता खुलासा मागितला नाही, नावं मागितली. तीन गावं दुपारच्या आत रिकामी झाली. चौथ्या गावाचे फोन लागत नव्हते. महेंद्रही त्याचा फोन घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला आणि त्या गावातल्या शिक्षकाचा, दुकानदाराचा, कुणाकुणाचा नंबर लावून पाहत राहिला. तो तिच्याशी बोलत नव्हता, पण उठूनही जात नव्हता. त्या गावात सात माणसं गेली, हे दुसऱ्या दिवशी कळलं. चौकशी समितीपुढे सारिकानं त्या सातही जणांची नावं न बघता सांगितली.

पण ते नंतरचं. त्या सकाळी अकराच्या सुमाराला बनाबाई भिंतीला धरत ओसरीवर आल्या. दोघा भावंडांसमोर उभ्या राहिल्या. महेंद्रनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता त्या तीन वर्षांपूर्वीचं काढणार.

बनाबाईंनी ते काढलं नाही. त्यांनी शाळेच्या कौलांच्या वर बोट केलं.

"ह्या शाळंमागं बी डोंगरच हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडं कोन बगतंय?"

सारिकानं त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. राखणीचा अँटेना ओढ्यापलीकडे पाहायचा. या बाजूला कधीच कुणी काही बसवलं नव्हतं. गेली तीन वर्षं या बाजूला मान वर करून कुणी पाहिलंही नव्हतं. ओसरीवरची, वर्गांतली माणसं एकेक करून बाहेर आली.

"कुणी नाही, काकू," ती म्हणाली.

ती उठली आणि शाळेला वळसा घालून मागे निघाली. तिच्यामागून महेंद्र, अंकुश आणि त्याची बायको आली. मग बाकीचे. मागच्या चढाला लागून ते सगळे ओळीनं उभे राहिले, बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, आणि झाडं सरळ आहेत का, मातीला कुठं चीर आहे का, पाणी कुठून येतंय, हे डोळे ताणून बघायला लागले.